सकाळी सहा ते आठमधला आवाज

माझे वडील दुसऱ्याचा टेम्पो चालवायचे. मिरजेकडच्या आमच्या गावातून पहाटे भाजी भरायची, कोल्हापूरच्या बाजारात उतरवायची आणि दुपारी रिकामा टेम्पो मालकाच्या दारात आणून लावायचा. मी सातवीत होते तेव्हा त्यांनी मालकांना चार दिवस ओळीनं सांगितलं, "मालक, खालनं आवाज येतोय. पाटा गेल्यागत वाटतोय." मालक म्हणाले, "चालतोय न्हवं? मग चालव की." पाचव्या दिवशी वळणावर स्प्रिंगचा पाटा तुटला, टेम्पो कलंडला आणि वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं. मालक दवाखान्यात एकदा येऊन गेले. गावात मात्र सांगत फिरले की ड्रायव्हरला डुलकी लागली होती.

पुढं काही वर्षं वडील घरीच होते. आम्ही तिघी बहिणी आणि आई-वडील पिठाच्या गिरणीमागच्या एका खोलीत राहायचो. आई हंगामात द्राक्षाच्या पॅकिंगला जायची, हंगाम संपला की शाळेच्या खिचडीची भांडी घासायची. गिरणीवाल्या काकू संध्याकाळी जमिनीवर सांडलेलं पीठ झाडून आमच्याकडं द्यायच्या. त्यात ज्वारी, गहू, हरभरा, जे काय दिवसभरात दळलं असेल ते सगळं असायचं. त्याची ना भाकरी व्हायची ना चपाती. आई त्याला 'आपलं पीठ' म्हणायची आणि आम्ही ते मुकाट खायचो. वडिलांचा पाय आखूड झाला, पण त्यांना लागलं ते दुसरंच. पाय जमिनीला टेकायला लागल्यावरही त्यांना कुणी गाडी दिली नाही. ते झोपणारे ड्रायव्हर ठरले होते.

मी दहावीनंतर सरकारी पॉलिटेक्निकला ऑटोमोबाईल शाखेत गेले. हौस वगैरे काही नव्हती. त्या शाखेला मुली अर्ज करत नसत, म्हणून जागा मिळाली. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला डिग्री. आत्या म्हणायची, "पोरीनं गाडीखाली झोपायचं शिक्षण घेतलंय, आता हिला मेकॅनिकच नवरा बघा." आई म्हणायची, "बघू की. निदान दारातली गाडी तरी चालू राहील." आमच्या दारात सायकलसुद्धा नव्हती. आई-वडिलांच्या दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते आणि सांगत राहणार आहे.

लग्नानंतर दुबईजवळच्या रास अल खैमाला आले. नवरा इथल्या टाइल्सच्या कारखान्यात आहे. मुलगी चार वर्षांची झाल्यावर मी इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये काउंटरवर लागले. गिऱ्हाइकाची तक्रार ऐकायची, जॉब कार्ड भरायचं, गाडी आत पाठवायची. बारा लिफ्ट, वीसेक माणसं. पठाण, फिलिपिनो, बंगाली, मल्याळी. आणि एक चाचा.

चाचा कोकणातले, खेडच्या बाजूचे. इथं येऊन तीस वर्षं झालेली. गाडीच्या खालच्या भागाचं काम त्यांचं: चाकांना धरणारे आर्म, त्यांच्या सांध्यांतले रबरी बुश, शॉक ॲब्सॉर्बर, सायलेन्सर. चार लोकांत मला 'मॅडम' म्हणायचे, आजूबाजूला कुणी नसलं की 'बाय'. मी डिग्रीवाली आहे हे कळल्यावर ते गॅरेजभर सांगत सुटले, "आमच्याकडची पोर हाय, इंजिनियर." जणू माझी फी त्यांनीच भरली होती.

तीन वर्षांनी मॅनेजरनं मला सुपरवायझर केलं. मॅनेजर केरळचे. कामाला कडक, पण माणूस सरळ. त्यांची एकच अपेक्षा होती, गाडी लवकर बाहेर पडली पाहिजे. मी पहिल्याच उन्हाळ्यात नियम केला. खालच्या भागाचं सगळं काम लिफ्टवरच पुरं करायचं आणि प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्यानं आवळायचा. हा पाना ठरलेल्या जोराला पोचला की 'टक्' करून सांगतो, त्याच्यापुढं आवळायचं नाही. मी गाड्यांच्या मॅन्युअलमधून बोल्टांचे आकडे काढले, तक्ता केला, प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येक लिफ्टला टांगला. काम झालं की जॉब कार्डावर आकड्यासमोर टिक, टिकखाली मेकॅनिकचा नंबर.

चाचांची पद्धत वेगळी होती. आर्मचा बोल्ट लिफ्टवर नुसता हातानं बसवायचे. मग गाडी खाली उतरवून मागच्या शेडमधल्या खड्ड्यावर न्यायची, दोनदा हलवायची, आणि स्वतः खड्ड्यात उतरून, गाडी चार चाकांवर उभी असताना, शेवटचं आवळायचं. प्रत्येक गाडीमागं अर्धा तास जादा. शिवाय खड्ड्यात तेल, पाणी, पाय घसरायची भीती. मी खड्ड्यावर लोखंडी पत्रा टाकून घेतला आणि वर जुने टायर रचून ठेवले.

"बाय, गाडीला पाय टेकवू दे, मग आवळू," चाचा म्हणाले होते.

"चाचा, आकडा लिहिलाय ना? तेवढाच आवळायचा. गाडी वर असो नाही तर खाली, आकडा तोच."

शेजारचा पठाण मेकॅनिक हसला. "चाचा, अब किताब का जमाना है. आप का हाथ रिटायर."

चाचाही हसले. "किताब आमच्याच पोरीची हाय. चालेल."

गाड्या लवकर बाहेर पडायला लागल्या. मॅनेजर खूश झाले. माझा तक्ता दुसऱ्या शाखेतही लागला.

डिसेंबरच्या मध्यावर आवाज सुरू झाले.

इथली थंडी तिकडच्या लोकांना सांगितली तर हसतात. दुपारी पंचवीस अंश, पहाटे वाळवंटाच्या बाजूला आठ-नऊ. पण उन्हाळ्यात पन्नासाच्या घरात भाजलेलं रबर हिवाळ्यातल्या पहाटे लाकडासारखं होतं. त्यात हाच इथला फिरायचा मोसम. लोक वाळूत गाड्या घालतात, जबल जैस डोंगराच्या घाटात जातात, तंबू टाकतात. त्यामुळं हिवाळ्यात खालच्या आवाजाची तक्रार नवी नव्हती, आणि त्याची यादी मला पाठ होती. पत्र्यासारखी थरथर असेल तर सायलेन्सरवरचं उष्णता अडवणारं कव्हर सुटलंय. खरखर असेल तर इंजिनाखालच्या गार्डात वाळू न् खडे अडकलेत, गार्ड काढून झाडलं की झालं. छोट्या खाचेवर टकटक असेल तर स्टॅबिलायझरची लिंक झिजलीय. पण या वेळचा आवाज यातला कुठलाच नव्हता. स्पीड ब्रेकरवर चढताना एकदा, उतरताना एकदा, कुईंऽऽ. कडी न घातलेलं फाटक वाऱ्यानं हलावं तसा. फक्त सकाळी, आणि साधारण अर्धा तास.

पहिली तक्रार आणली ती एका म्हाताऱ्या अरबानं. रोज सकाळी डोंगरातल्या आपल्या बकऱ्यांकडं जायचा. "सुबह में रोता है गाडी," तो म्हणाला. गाडी सकाळी घेतली. पण आमच्याकडं सकाळ म्हणजे ऑइल बदलायची गर्दी, आवाजाच्या तक्रारी जेवणानंतर बघायच्या ही जुनी रीत. दोन वाजता मी स्वतः चालवून बघितली. रस्ता तापलेला, गाडी गप्प. कार्डावर लिहिलं: दोष आढळला नाही. तिसऱ्या दिवशी तो परत हजर. परत दुपारी बघितलं, परत तेच लिहिलं. चौथ्या वेळी त्यानं काउंटरवर किल्ली ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, तुम एक दिन मेरे साथ सोना नहीं, जागना. फिर सुनेगा." मागं उभे असलेले दोघं खोकले. तो मात्र गंभीर होता.

मग दुसऱ्या गाड्या. एक पिकअप, एक सात सीटवाली, एका शाळेच्या बाईंची छोटी गाडी. ख्रिसमसच्या आठवड्यापर्यंत अकरा. सगळ्यांचे लोअर आर्मचे बुश उन्हाळ्यात आमच्याकडं बदललेले. अकराच्या अकरा कार्डांवर टिकखाली नंबर चाचांचा. बुश बसवायचं काम बहुतेक त्यांच्याकडंच जायचं, त्यामुळं दुसरा नंबर येणार कुठून. पण हे तेव्हा कुणी म्हणालं नाही. मीही नाही.

मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावलं. कार्डं टेबलावर पसरली. "देखो मॅडम, सब कंप्लेंट एक ही आदमी का. उमर हो गया. हाथ में ताकत नहीं है, टाइट नहीं होता. दो लेटर दे दिया. तीसरा लेटर जनवरी एंड में, फिर वीजा कॅन्सल. खलास."

"सर, तीस साल..."

"तीस साल का इज्जत है, इसलिए लेटर दे रहा हूँ. दूसरा होता तो यल्ला, सीधा टिकट."

दोन्ही ताकीदपत्रांवर सुपरवायझर म्हणून माझी सही होती.

चाचा भांडले असते तर बरं झालं असतं. ते जेवणाच्या सुट्टीत आपल्या गाड्यांखाली जाऊन स्वतःचेच बोल्ट परत तपासायचे. पाना लावायचे, पाना 'टक्' म्हणायचा, म्हणजे बोल्ट घट्ट. तरी पुन्हा लावायचे. एकदा मी चहा घेऊन गेले तर उजव्या हाताची मूठ उघडझाप करत बसले होते.

"बाय, म्हातारपण हातातून येतं काय गो?"

"असं काय बोलता चाचा?"

"नाय, पाना खोटा बोलत नाय. मग माझाच हात खोटा. गावात मला फिटर म्हणतात. आता जाऊन काय सांगू? घालवला म्हणून?" मग जरा थांबून म्हणाले, "जायचं तर हायच. पण असं नको."

मी चहा ठेवला आणि निघून आले.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी मुलीला शाळेत सोडत होते. धुकं होतं, काच पुसत हळू चालवत होते. शाळेच्या फाटकाच्या आधीच्या स्पीड ब्रेकरवर माझीच गाडी म्हणाली, कुईंऽऽ. उतरताना परत.

"मम्मा, व्हॉट्स दॅट?"

"काही नाही गं. रबर."

"इट साउंड्स सॅड," ती म्हणाली आणि दप्तर घेऊन उतरली.

मी गाडी कडेला घेतली. माझ्या गाडीचे बुश ऑगस्टमध्ये बदलले होते. चाचा तेव्हा सुट्टीवर गावी होते. काम त्या पठाण मेकॅनिकनं केलं होतं. तिशीतला गडी, एका हातानं चाक उचलणारा. तक्ता बघून, टॉर्क पाना लावून, मी स्वतः शेजारी उभी असताना. त्याच्या हातात ताकद नाही असं कुणी म्हणू शकलं नसतं. म्हणजे दोष हाताचा नव्हता. त्या अकरा गाड्यांत आणि माझ्या गाडीत सारखं होतं ते एकच, माझा नियम.

रविवारी गॅरेज बंद असतं. वॉचमनकडून किल्ली घेतली आणि साडेसहाला गाडी मागच्या शेडमध्ये नेली. टायर बाजूला केले, पत्रा ओढला, खड्ड्यावर गाडी घेतली. आधी खात्री केली. पायफळीवर उभी राहून गाडी दाबली, कुईं. डाव्या आर्मच्या बुशवर बाटलीतलं पाणी मारलं, परत दाबली, गप्प. दोन मिनिटांनी परत कुईं. म्हणजे आवाज रबराचाच, आणि तिथलाच. मग खड्ड्यात उतरले. गाडी चार चाकांवर उभी, वजन तिचं तिच्यावर. आर्मचा बोल्ट पान्यानं सैल केला. अर्धा फेरा झाला असेल नसेल, आणि आतून धप् करून आवाज आला. बुश आपल्या जागेवर फिरला.

तेव्हा कळलं. लिफ्टवर गाडी असताना चाकं खाली लोंबतात. त्या लोंबत्या अवस्थेत बोल्ट आवळला की रबर तिथंच पकडलं जातं. मग गाडी जमिनीवर आली, आर्म वर गेला, की रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं, ओलं कापड पिळून तसंच धरून ठेवावं तसं. उन्हाळ्यात रबर मऊ असतं, ते सहन करतं. थंडीत कडक होतं आणि ओरडतं. दुपारी तापलं की परत गप्प. आम्ही दुपारीच बघत होतो.

तिथंच खड्ड्यात उभं राहून फोनवर मॅन्युअल उघडलं. मी काढलेला आकडा बरोबर होता. आकड्याशेजारी एक छोटी चांदणी होती आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: शेवटचे आवळणे गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना करावे. मी तक्ता करताना आकडे उतरवले होते. चांदण्या उतरवल्या नव्हत्या.

बोल्ट परत आवळला, दुसऱ्या बाजूचाही. दाबून बघितलं. आवाज नाही.

इथं मला वडील आठवले असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण खरं सांगते, मला माझी खुर्ची आठवली. घरी फोनवर आईला सांगितलेलं 'मी सुपरवायझर झाले' आठवलं, आणि आईनं ते गिरणीवाल्या काकूंना सांगितलेलं. सोमवारी मी काही बोलले नाही. मंगळवारीही नाही. मनात एक सोपा रस्ता तयार होता: गुपचूप पत्रा काढायचा, तक्त्यात एक ओळ वाढवायची, गाड्या एकेक बोलवून दुरुस्त करायच्या. आवाज थांबेल, चाचा गेलेले असतील, आणि मला कुणी विचारणार नाही. मंगळवारी रात्री नवऱ्याला सांगितलं. तो मग म्हणाला, "तिसऱ्या पत्रावरही तुझीच सही लागणार ना?"

गुरुवारी सकाळी सातला मी मॅनेजरना बरोबर घेतलं. त्यांना काही न सांगता म्हाताऱ्या अरबाची गाडी बुधवारी रात्रभर आमच्या अंगणात ठेवून घेतली होती. आधी ती चालवली, तीन स्पीड ब्रेकर, तीनदा रडली. मग माझी. गप्प. मग खड्ड्यापाशी नेऊन सगळं सांगितलं: बुश, वजन, चांदणी. कार्डं दाखवली. माझ्या गाडीचं कार्डही, त्यावर पठाणाचा नंबर.

"ये रूल किस का है?" त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"मेरा."

"चाचा ने बताया नहीं?"

"बताया था. पहले दिन ही बताया था. मैं ने बंद किया."

ते खड्ड्याकडं बघत उभे राहिले. "मॅडम, आप को पता है आप क्या बोल रहे हो? ये सब कार फ्री में वापस करना पडेगा. हेड ऑफिस पूछेगा."

"पता है सर. लिख के देती हूँ."

"लिख के दो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुपारी चाचांना सांगायला गेले. ते लिफ्टखाली होते. मी सगळं सांगेपर्यंत त्यांनी हातातला पाना खाली ठेवला नाही. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे बाय. ते म्हणाले नाहीत.

"तीन आठवडं मी माझाच हात दाबून बघत होतो," ते म्हणाले. "तू चहा घेऊन आलीस त्या दिवशी तुला ठाऊक होतं?"

"नाही. तेव्हा नव्हतं."

"आणि कालच्याला?"

"होतं," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली आणि परत कामाला लागले. पुढं महिनाभर एकटी असतानाही ते मला मॅडमच म्हणत होते.

गाड्या मी एकेक करून परत बोलवल्या. माणसांना फोन करून सांगायचं, चूक आमची आहे, सकाळी साडेसहाला आणा, गाडी गार पाहिजे. काही जण चिडले, काही हसले. एक बाई म्हणाल्या, "यू आर द फर्स्ट गॅरेज टू से धिस," आणि गाडी दुरुस्त करून नेल्यावर परत कधी आल्या नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीच्या सगळ्या सकाळी मी स्वेटर घालून मागच्या शेडमध्ये होते. पायफळीवर उभं राहून गाडी दाबायची, ऐकायचं, पाणी मारायचं, परत ऐकायचं. खड्ड्यात चाचा. आम्ही कामापुरतं बोलायचो. "डावा." "सैल केला." "आला धप्?" "आला." "आवळा." ज्यांचं रबर चिरलं होतं त्यांना नवे बुश घातले. मार्च लागला, उन्हं वाढली, त्यानंतर आवाज तपासायची सोयच राहिली नाही. तोवर एक गाडी सोडून सगळ्या झाल्या होत्या. तिचा मालक देश सोडून गेला होता.

मला सुपरवायझरच्या जागेवरून काढलं. आता मी परत काउंटरवर आहे, पगारही पूर्वीचाच. आईला अजून सांगितलेलं नाही. माझ्या हाताखाली शिकून तयार झालेला फिलिपिनो सुपरवायझर आहे. तक्त्यावर तळाशी ती ओळ आता ठळक अक्षरात आहे, आणि आवाजाच्या तक्रारीची गाडी रात्रभर बाहेर उभी करून सकाळी आठच्या आत तपासायची हा नियम झालाय. तो मी केलेला आहे, पण त्यावर माझं नाव नाही.

चाचांच्या फाइलमधली दोन्ही पत्रं मॅनेजरनं माझ्यासमोर काढून फाडली. तिसरं निघालंच नाही. त्यांचा व्हिसा नवा झाला, आणि ते अजून कामावर आहेत.